आधी कोरी वडी करा: ग्राफीन मिसळून गारवा देणारा पदार्थ बनवताना

जून उजाडला की एम.एस्सी.ची दोन-तीन मुलं माझ्या टेबलापाशी घुटमळायला लागतात. "मॅडम, ग्राफीनवर काहीतरी करायचंय." काय करायचंय ते ठरलेलं नसतं, ग्राफीन (कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा) मात्र ठरलेलं असतं. मी सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. माझी पीएच.डी. याच विषयातली: बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडमध्ये ग्राफीन मिसळायचं आणि पेल्टिए पद्धतीने, म्हणजे वीज सोडून, थंड करण्यासाठी तो पदार्थ सुधारतो का ते पाहायचं. म्हणून मी हाच प्रोजेक्ट देते, आणि दर वर्षी त्याच सूचना तोंडी देऊन घसा बसवून घेते. यंदा लिहूनच काढते.

सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच सांगते, कारण शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. ग्राफीनची बाटली उघडण्याआधी ग्राफीन नसलेली एक वडी, म्हणजे भुकटी गरम दाबून केलेला गोल ठोकळा, करा. आम्ही तिला 'कोरी' म्हणतो. कोरीला तेच दळण, तेवढेच तास, तोच अल्कोहोल, तीच भट्टी, तोच दाब. फरक एकच: ग्राफीन नाही. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी हे केलं नव्हतं. माझ्या ग्राफीनवाल्या वडीची उष्णतावाहकता पुस्तकातल्या आकड्यापेक्षा चांगलीच कमी आली. मी सरांकडे आलेख घेऊन धावत गेले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "कोरी कुठंय?" पंधरा दिवसांनी कोरी तयार झाली. तिची उष्णतावाहकताही जवळपास तेवढीच खाली आलेली. काम दळणाने केलं होतं, श्रेय मी ग्राफीनला देत होते. २००८ साली बोस्टन कॉलेज आणि एमआयटीच्या गटाने हाच पी-प्रकारचा (ज्यात वीज धन वाहक नेतात तो) पदार्थ नुसता दळून, गरम दाबून त्याचा झेडटी, म्हणजे अशा पदार्थाचा गुणांक, सुमारे १.४ पर्यंत नेला होता, ग्राफीनचा कण न घालता. हे मला तोंडपाठ होतं. तरीही.

आता झेडटी काय ते. सीबेक गुणांकाचा (तापमानातल्या दर अंश फरकाला पदार्थात किती व्होल्टेज तयार होतो त्याचा) वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार होते आणि दुसरी गरम, हे १८३४ मध्ये पेल्टिए या मूळच्या घड्याळजीने पाहिलं. पण गार बाजूकडे गरम बाजूची उष्णता त्याच पदार्थातून परत येते, आणि वीज जाताना पदार्थ स्वतःही तापतो. म्हणून वीज धावली पाहिजे आणि उष्णता अडखळली पाहिजे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात, की ग्राफीन स्वतः तर उष्णतेचं फार उत्तम वाहक, तांब्याच्या कितीतरी पट. मग ते घालून उष्णता अडेल कशी? उत्तर असं की आपण ते चिमूटभर घालतो. इतक्या कमी प्रमाणात त्याच्या पापुद्र्यांची सलग वाट तयारच होत नाही. ते कणाकणांच्या सीमेवर अडकून बसतात, कण वाढू देत नाहीत, आणि उष्णता वाहून नेणारी जाळीची कंपनं त्या सीमांवर विखुरतात. जास्त घातलं की वाट तयार होते आणि हिशेब उलटतो. म्हणून "थोडं जास्त टाकून बघू का?" हा प्रश्न मला विचारू नका.

मूळ पदार्थ आणि लसणाचा वास

पी-प्रकारचा पदार्थ घ्या: बिस्मथ अर्धा भाग, अँटिमनी दीड, टेल्युरियम तीन. १० ग्रॅमसाठी बिस्मथ १.५६० ग्रॅम, अँटिमनी २.७२६ आणि टेल्युरियम ५.७१४ ग्रॅम. क्वार्ट्झच्या नळीत निर्वात सील करून वितळवता येतं, पण नळी सील करणारा कारागीर मिळवण्यातच पावसाळा संपतो. तयार ठोकळा विकत घ्या. प्रोजेक्टला सहाच महिने असतात.

ठोकळा खलात फोडताना चकाकते पातळ पदर सुटतात, अभ्रकासारखे. हा पदार्थ थरांचा बनलेला आहे, हे लक्षात ठेवा; पुढे मोजमापात हाच गुण तुम्हाला फसवणार आहे. फोडणं, चाळणं, बॉल मिलच्या भांड्यात भरणं, सगळं ग्लव्ह बॅगमध्ये, आर्गॉनखाली. बारीक भुकटी हवेत ऑक्सिजन धरते. आणि मास्क लावाच. टेल्युरियम शरीरात गेलं की श्वासाला लसणाचा वास येतो आणि तो दात घासून जात नाही. एकदा मी घाईत मास्क न लावता खल साफ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आज श्रावणी सोमवार, आणि तू लसणाची चटणी खाल्लीस?" त्यांना टेल्युरियम समजावून सांगण्यापेक्षा मी गप्प राहिले. वासाची गंमत वाटेल, पण तो वास म्हणजे धूळ अंगात गेल्याची पावती आहे.

दळण किती वेळ, ते तुमच्या मिलवर अवलंबून. पण एकदा ठरवलं की कोरीला आणि बाकी सगळ्या नमुन्यांना तेवढंच. लाइट गेली तर किती मिनिटं मिल बंद होती, तेही वहीत लिहा. दळताना स्फटिकात असे दोष तयार होतात की पदार्थात इलेक्ट्रॉन वाढतात. आपल्या पी-प्रकारात त्यामुळे वाहक कमी होतात, वाहकता घसरते आणि सीबेक गुणांक वाढतो. कोरी नसेल तर हा बदलही तुम्ही ग्राफीनच्या खात्यावर जमा कराल.

ग्राफीन

विकत घ्या. काही थरांचं ग्राफीन किंवा रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड, दोन्ही चालतं. ग्राफाइटपासून ग्राफीन ऑक्साइड करण्याची हमर्सची रीत १९५८ पासून आहे आणि मुलांना ती करायची फार हौस असते. तीव्र गंधकाम्लात पोटॅशियम परमँगनेट घालताना तापमान हाताबाहेर गेलं की स्फोटक मँगनीज ऑक्साइड बनतं. आमच्या फ्यूम हूडचा पंखा कधी चालतो, कधी रुसतो. मी परवानगी देत नाही.

२०१४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने दाखवलं की ग्राफाइट, पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड सोप घरच्या मिक्सरसारख्या यंत्रात घुसळला तरी ग्राफीनचे पापुद्रे सुटतात. दर वर्षी कोणीतरी हे वाचतं आणि हॉस्टेलचा मिक्सर पळवायची परवानगी मागतं. वर्गात दाखवायला झकास. आपल्या कामाला नको, कारण पापुद्र्यांना चिकटलेला साबण भट्टीत जळून काय मागे ठेवेल सांगता येत नाही.

बाटली आली की रामन वर्णपट (लेझरचा प्रकाश पाडून विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याचा आलेख) काढून घ्या. १५८० प्रति सें.मी.च्या आसपास एक शिखर, २७०० च्या आसपास दुसरं. १३५० चं शिखर उंच असेल तर पापुद्रे बरेच फाटके आहेत. त्याने काम अडत नाही, पण माहीत हवं.

प्रमाण ०.१ टक्के वजनाने. म्हणजे १० ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम. कागदावर ठेवलं तर फुंकर मारली तरी उडेल एवढं. इथे एक खड्डा आहे. शोधनिबंधांत कधी वजनाचा टक्का असतो, कधी आकारमानाचा. ग्राफीनची घनता सुमारे २.२, आपल्या पदार्थाची सुमारे ६.८, म्हणून वजनाचा ०.१ टक्का म्हणजे आकारमानाचा ०.३ टक्का. दोन निबंधांची तुलना करण्याआधी कोणता टक्का ते पाहा.

मिसळणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ग्राफीन टाकून तासभर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा. काळा, एकसारखा, शाईसारखा द्रव झाला पाहिजे. तळाशी गुठळी दिसली तर अजून ठेवा, आणि बाथचं पाणी तापलं तर बदला. मग दळलेली भुकटी घाला, पुन्हा थोडा वेळ बाथ. इथपर्यंत सगळे नीट करतात. त्यानंतर बीकर ओव्हनमध्ये ठेवून जेवायला जातात.

परत येऊन पाहिलं तर काय दिसतं? वर काळ्या मखमलीसारखा पातळ थर, आणि नखाने उकरलं की खाली राखाडी, चकाकणारी, जड भुकटी. तिप्पट जड असलेले कण खाली बसले, हलकं ग्राफीन वर राहिलं. मग ते चमच्याने ढवळून "मिसळलं" म्हणतात. नाही मिसळलं. पापुद्रे एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले, ते आता सुटणार नाहीत.

योग्य रीत अशी: बीकर हॉट प्लेटवर ६०–७० अंशांना ठेवा आणि हाताने ढवळत राहा. उघड्या ज्योतीपासून लांब, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते. पातळ असेल तेव्हा चुंबकी कांडी चालते. घट्ट व्हायला लागलं की कांडी थबकते. तिथून पुढे काचेची सळई. पिठलं आटवताना हात थांबला की तळाला लागतं, तसंच समजा. ओलसर चिखलासारखं होऊन कडा सोडायला लागलं की मग निर्वात ओव्हन. दोघांनी पाळीपाळीने करा, दंड भरून येतो. आणि हो, कोरीलाही हेच सगळं: तोच अल्कोहोल, तोच बाथ, तेच ढवळणं.

एक्स-रे विवर्तनात ०.१ टक्का ग्राफीन दिसणार नाही. दिसलं नाही म्हणून रडत येऊ नका. तुटलेल्या वडीचा कडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कणांच्या मध्ये चुरगळलेल्या पातळ पापुद्र्यांसारखं काही सापडलं, तर नशीब.

वडी दाबणं

१२.७ मि.मी. व्यासाचा ग्राफाइटचा साचा, ४०० ते ४५० अंश, ५० मेगापास्कल, निर्वातात अर्धा तास. या व्यासाला ५० मेगापास्कल म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास भार. आमच्याकडे हॉट प्रेस नाही, आम्ही दुसऱ्या संस्थेत वेळ मागून जातो. तुमच्याकडेही नसेल तर थंड दाबून नंतर भाजण्याचा मोह होईल. त्या वडीत पोकळ्या राहतात, पोकळ्यांनी उष्णतावाहकता कमी दिसते, आणि पुन्हा तुम्ही ग्राफीनचे पेढे वाटता. प्रत्येक वडीची घनता पाण्यात तोलून काढा. कोरी आणि ग्राफीनवाली यांच्या घनतेत मोठा फरक असेल तर बाकी तुलना करू नका, वडी पुन्हा करा.

साच्यात वडी चिकटू नये म्हणून ग्राफाइटचा पातळ कागद घालतात. वडी बाहेर आली की तिच्या अंगावर त्या कागदाची काळी साल असते. तीन वर्षांपूर्वी एका मुलीने ती साल न काढता वाहकता मोजली. आकडे सुंदर, आणि दोन्ही वड्यांचे सारखेच सुंदर. ती सालच मोजत होती. काचकागदावर घासून सगळ्या बाजूंनी साल काढा, धातूची करडी चमक दिसेपर्यंत. घासताना पाणी टाका, धूळ उडवू नका. लसूण आठवा.

१० ग्रॅमची वडी साधारण साडेअकरा मि.मी. उंच होते. एवढी उंच मुद्दाम करायची, म्हणजे ३ × ३ × १० मि.मी. ची पट्टी दाबाच्या दिशेने कापता येते, आणि आडवीही. ते थर आठवतात का? दाबल्यावर ते अंशतः आडवे झोपतात, त्यामुळे वीज आणि उष्णता आडवी जास्त जाते, उभी कमी. वीज आडव्या दिशेने मोजून उष्णता उभ्या दिशेने मोजली की झेडटी फुकटात फुगतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने मोजा. पट्टी कापताना तिच्या टोकाला मार्करने बाण काढा. कापल्यावर सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात.

मोजमाप

मोजणीचा हात बसवायला आधी बाजारातला १२७०६ नंबरचा पेल्टिए मोड्यूल आणून फोडा. त्यात पी आणि एन (ऋण वाहकांच्या) प्रकारच्या पायांच्या १२७ जोड्या, म्हणजे २५४ बारीक पाय असतात. हॉट प्लेटवर सोल्डरचा डाग वितळला की चिमट्याने उचला. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, धन तारेचं टोक सोल्डरिंग गनने किंचित तापवून पायाला लावा, ऋण टोक थंड. आकडा ऋण आला तर पी-प्रकार, धन आला तर एन-प्रकार. वीस पाय बरोबर ओळखले की आपली पट्टी हातात घ्या.

सीबेक गुणांकासाठी पट्टीच्या दोन टोकांत दोन ते पाच अंशांचा फरक पुरे. तांबे-कॉन्स्टंटनची दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) लावा आणि त्यांच्याच तांब्याच्या दोन तारांमधला व्होल्टेज मोजा. एकच आकडा घेऊन भागाकार करू नका. फरक हळूहळू वाढवत दहा-बारा बिंदू घ्या, रेषा काढा, उतार घ्या. तांब्याचा स्वतःचा पावणेदोन मायक्रोव्होल्ट मिळवा. दर अंशाला २०० मायक्रोव्होल्टच्या आसपास आलं तर गाडी रुळावर आहे.

विद्युतरोध साध्या मल्टीमीटरने मोजाल तर तारांचाच मोजाल. चांगल्या पट्टीचा रोध अवघा ११ मिलिओहम असतो. चार टोकांची पद्धत वापरा (प्रवाह दोन टोकांतून, व्होल्टेज दुसऱ्या दोन टोकांवर), आणि प्रवाह उलटसुलट करून झटपट वाचा. कारण प्रवाह सुरू होताच पेल्टिए परिणामाने टोकं गार-गरम व्हायला लागतात आणि त्याचा व्होल्टेज मिसळतो.

हाच उपद्रव हार्मनने १९५८ मध्ये कामाला लावला, आणि आमच्यासारख्या गरीब प्रयोगशाळांवर उपकार केले. पट्टी निर्वातात बारीक तारांवर टांगा. ५० मिलिअँपिअर सोडा. क्षणात व्होल्टेज अर्ध्या मिलिव्होल्टच्या थोडा वर जातो: हा रोधाचा. मग तो हळूहळू चढत जातो आणि स्थिरावतो: हा वरचा चढ पेल्टिएचा. चढ भागिले पहिला आकडा, हाच झेडटी. ०.५५ वरून ०.९९ वर गेला तर झेडटी ०.८. उष्णतावाहकता वेगळी मोजायची गरज नाही. पण तार ५० मायक्रॉनचीच हवी. पाच सेंटिमीटर लांबीची तशी तांब्याची तार पट्टीच्या मानाने टक्काभर उष्णता पळवते. तीच तार ०.२ मि.मी. ची घेतली तर जवळजवळ पाचवा हिस्सा. दिव्याच्या वायरीतला एक धागा काढून लावणारे हुशार मला माहीत आहेत.

लेझर फ्लॅशसाठी (लेझरचा झोत मारून उष्णता किती वेगाने पसरते ते मोजण्यासाठी) वडी बाहेर पाठवायची असेल तर अहवालात विशिष्ट उष्मा कोणता धरला ते विचारा. आपल्या पदार्थाला ०.१८६ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विनच्या जवळ हवा. भलताच आकडा असेल तर उष्णतावाहकताही भलतीच.

थंडावा दिसतो का

झेडटी ०.८ ला कागदावर गरम बाजू ३०० केल्विन असताना ७० अंशांचा फरक मिळतो, ०.९ झाला तर ७५ च्या थोडा वर. म्हणजे ग्राफीनने सगळं मनासारखं केलं तरी कमाई पाच-सहा अंशांची, आणि एक वाईट डाग ती सहज खातो. म्हणून जोडी बनवून थंडावा दाखवणं हे ग्राफीनचा पुरावा म्हणून लिहू नका. पुरावा म्हणजे कोरीशी तुलना. जोडी करायची ती हौसेने, आणि ती हौस मला स्वतःलाही आहे.

आपली पी-पट्टी, आणि विकतच्या एन-ठोकळ्यातून कापलेली तेवढीच पट्टी. दोन्हींच्या टोकांवर निकेलचा पातळ मुलामा द्या, नाहीतर डागातलं कथील आणि तांबं आत झिरपतं. १३८ अंशांना वितळणारा बिस्मथ-कथिलाचा डाग. वर दोघींना जोडणारी तांब्याची छोटी पट्टी, खाली दोन वेगळे तांब्याचे तुकडे, आणि त्याखाली अभ्रकाचा पातळ पत्रा ठेवून पाण्याचा ब्लॉक.

आता सवयीने कोणीतरी बारा व्होल्टचा अडाप्टर लावणार. थांबा. त्या १२७०६ मोड्यूलला कमाल पंधरा-साडेपंधरा व्होल्ट चालतात, कारण त्यात १२७ जोड्या आहेत. म्हणजे एका जोडीच्या वाट्याला ०.१२ व्होल्ट. तुमची एकच जोडी आहे. प्रवाह ठरवता येणारा सप्लाय घ्या, शून्यापासून सुरू करा, चार-पाच अँपिअरपर्यंत हळूहळू न्या. तारा जाड घ्या, इथे बारीक तार उलट त्रास देईल.

ऑगस्टच्या दमट हवेत वरच्या तांब्यावर आधी धुकं धरतं, मग दव. दव म्हणजे फुकटचा उष्णतेचा बोजा, म्हणून आकडे घ्यायचे तर वर प्लॅस्टिकचा डबा उपडा घाला आणि आत सिलिका जेल ठेवा. आकडे नको असतील तर ड्रॉपरने वरच्या पट्टीवर पाण्याचा एक छोटा थेंब सोडा. लेन्झने १८३८ मध्ये बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर हाच खेळ केला होता. थेंब गोठताना खालून वर पांढरा होत येतो, आणि अगदी शेवटी त्याच्या डोक्यावर इवलंसं टोक उगवतं, मोदकाच्या शेंड्यासारखं. ते पाहायला आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई मामासुद्धा येऊन उभे राहतात.

प्रवाह उलटा केला की तो वितळतो. उलटा करण्याआधी मात्र शून्यावर आणा, दहा सेकंद थांबा, मग तारा बदला. थेंब गोठायला किती वेळ लागला तो घड्याळ लावून मोजा. मग कोऱ्या वडीची पट्टी लावून तेवढाच थेंब ठेवा.